हात वर करा

शनिवारी चार वाजता आह्ती सौना पेटवतो.
बर्च लाकडाचा धूर तळं ओलांडून
थेट माझ्या खिडकीशी येतो,
आणि अकरा वर्षं झाली,
मी त्याला ओळख देत नाही.

पहिल्या वर्षी म्हणालो, पाठ धरलीय.
मग म्हणालो, पाळी आहे:
बर्फाचा नांगर, नगरपालिकेचा, पिवळा,
अठरा टनांचा; त्याच्यामागे बरंच काही लपतं.
मग म्हणायचंच सोडलं.
आमच्याकडे गप्प बसणं हेही उत्तर धरतात.
आह्तीने ते घेतलं,
दारात दिलेल्या सरपणासारखं, न मोजता.

इथे भाऊ, मेव्हणा, पाद्री, बँकेतला माणूस
एका फळीवर उघडे बसतात.
कुणी कुणाकडे बघत नाही.
पण न बघायलासुद्धा आधी
एकदा बघावं लागतं.

आधी वाटलं, सीटचं असेल.
सकाळी हलकं, संध्याकाळी जड.
मग सकाळीही जड.
कातडी जाड झाली, खडबडीत, संत्र्याच्या सालीसारखी;
कधी त्यातून पाणी झिरपायचं.
हेल्वीने काही न विचारता
दोन मापं मोठ्या विजारी आणल्या,
पावत्या जाळल्या.
रात्री आम्ही बहीणभावंडांसारखे झोपायचो,
मध्ये तिच्या विणकामाची टोपली.

एकाने सुई घालून पाहिलं. पाणी नाही.
एकाने हर्निया शोधला. तोही नाही.
एकाने विचारलं, परदेशी गेला होतात का?
गेलो होतो. हापारांडाला.
नदीपलीकडे, स्वीडनमध्ये.
वाहनाचे टायर आणायला.

शेवटी कायानीच्या इस्पितळात कातडीच्या विभागात धाडलं.
अवघड जागेचं दुखणं,
आणि डॉक्टर निघाली
शाळेत माझ्या बाकावर बसणाऱ्या रेइयोची मुलगी, विल्या.
मी विजारीच्या बटणाला हात घातला, डोळे मिटले.
ती म्हणाली, थांबा.
आधी शर्ट काढा.
हात वर करा.

बंदूक रोखल्यासारखे मी हात वर केले.
ती माझ्या काखेत बघत राहिली,
जिथे मीही कधी बघितलं नव्हतं.
हे व्रण कधीचे?
गळवं हो, विसाव्या वर्षापासूनची.
येतात, फुटतात, पुन्हा शेजारी येतात.
जांघेतही?
जांघेतही. त्यात सांगण्यासारखं काय?
घामट माणूस आहे मी. अस्वच्छ असेन.
नाही, ती म्हणाली, इतक्या जोरात
की खिडकीतला जिरेनियम हलल्यासारखा वाटला.
अस्वच्छ नाही. आजार आहे, कातडीचा.

मग म्हणाली, खात्री नाही, पण असं असू शकेल:
दर गळवामागे एक व्रण,
व्रणाखाली अंगातल्या पाण्याची एक वाट बंद.
मी म्हटलं, पुढचं मला ठाऊक आहे.
तीस वर्षं मी बर्फ कडेला ढकलतो.
गटाराची तोंडं त्याखाली बुजतात,
आणि एप्रिलमध्ये लोक विचारतात,
रस्त्यावर एवढं पाणी आलं कुठून?
ती हसली नाही. तिने ते लिहून घेतलं.

औषध सुरू आहे. पट्टा आहे, घट्ट.
कापायचं का, ते वसंतात ठरेल.
सूज आहे तिथेच आहे, थोडी मऊ.
खोटं कशाला बोलू.

काल शनिवार होता.
मी तळ्यावरून चालत गेलो, बर्फ पायाखाली कुरकुरत.
आह्ती म्हणाला, दार लाव, वाफ जाते.
अकरा वर्षांनी एवढंच.
मी खालच्या फळीवर बसलो, टॉवेल मांडीवर,
मग टॉवेल बाजूला.
त्याने बघितलं. मग बघितलं नाही.

दगडांवर पाणी टाकायला त्याने पळी उचलली,
हात वर गेला,
आणि त्याच्या काखेत
तेच: सुरकुतलेले, जांभळे, दोरीसारखे व्रण.
मला एकदम बाबा आठवले,
सौनात सगळ्यांच्या शेवटी, एकटे जाणारे,
उन्हाळ्यातही शर्टाची बटणं
गळ्यापर्यंत लावून.

वाफ चढली.
आह्ती, मी म्हटलं,
हात खाली घेऊ नकोस.